दवाखान्यातील तिसरा माणूस

धारवाडकडचा कानडी शेतकरी रुग्णालयास 'दवाखानी' म्हणतो. म्हैसूरकडचा त्याचा भाषाबंधू त्यालाच 'आस्पत्रे' म्हणतो. पहिला शब्द फारसी मुळाचा, मराठी मुलखाशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या देवघेवीची खूण. दुसरा इंग्रजी 'हॉस्पिटला'चा कानडी अवतार. आपण कोकणात आणि गोमंतकात 'इस्पितळ' किंवा 'इस्पितल' म्हणतो, ती पोर्तुगिजांची देणगी. ज्या दारातून रोग्याने आत जावयाचे त्याचे नावच असे तीन दिशांनी आलेले आहे. आत गेल्यावर रोग्याचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत जाते, ते कोण नेतो आणि वाटेत त्याचे काय होते, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही. रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये उभा राहून एकाचे दुसऱ्यास सांगणारा जो तिसरा माणूस, त्याच्याविषयी आम्हांस येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आणि त्याकरिता हुबळी-धारवाडइतके योग्य ठिकाण दुसरे आम्हांस दिसत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि धारवाड कंपनी सरकारच्या अमलाखाली आले. मुलूख कानडी बोलणारा, कचेरीतील दप्तर बहुतांशी मराठी, आणि वर बसलेला साहेब इंग्रज, अशी ही व्यवस्था होती. कानडीस शाळेत व कचेरीत तिची हक्काची जागा मिळावी म्हणून पुढे जी खटपट झाली तिचा इतिहास विद्वानांनी लिहिला आहे. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात स्थापिलेला कर्नाटक विद्यावर्धक संघ हा त्यातील ठळक टप्पा होय. मराठी वाचकाने ही हकीकत मोकळ्या मनाने वाचावी असे आम्हांस वाटते, कारण त्या काळी अडवून बसलेली भाषा आपली होती. शाळेचा इतिहास झाला, कचेरीचा झाला, रंगभूमीचा आणि गाण्याचा तर झालाच झाला. दवाखान्याचा राहून गेला.

तो समजावयाचा तर मुंबईपासून आरंभ केला पाहिजे. १८२६ साली मुंबईत सर्जन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी एक वैद्यकशाळा निघाली. तेथे शिकवणे देशी भाषांतून होई, आणि त्याकरिता इंग्रजी वैद्यकग्रंथांची मराठी व गुजराती भाषांतरे करण्यात आली. सहा वर्षांतच, १८३२ साली, ती शाळा बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून. पण खेड्यापाड्यांतील दवाखान्यांना माणसे पुरवावयाची तर देशी भाषेवाचून गत्यंतर नाही हे ध्यानात येऊन १८६१ पासून त्याच कॉलेजात मराठी व गुजराती वर्ग भरू लागले. पुढे ही कामगिरी मराठीपुरती पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळेकडे आणि गुजरातीपुरती अहमदाबादेकडे गेली. सिंधकरिता हैदराबादेस शाळा झाली. कानडी जिल्हे इलाख्यात चार होते: धारवाड, बेळगाव, विजापूर आणि १८६२ पासून उत्तर कानडा. कानडीतून वैद्यक शिकविणारी शाळा मात्र इलाख्यात एकही नव्हती.

या एका गोष्टीचा परिणाम केवढा झाला असेल पाहा. राणेबेन्नूरच्या किंवा नवलगुंदच्या सरकारी दवाखान्यात जो हॉस्पिटल असिस्टंट बदलून येई, त्याने यकृत, फुप्फुस, आतडे, नाडी हे सारे मराठीतून किंवा इंग्रजीतून पाठ केलेले असे. तो जन्माने धारवाडी असला तर रोग्याशी कानडीत बोले. पण तोही आपल्या डोक्यातील वैद्यकाचा तर्जुमा जागच्या जागी करीतच बोले. तो पुण्याकडचा असला तर कंपौंडर किंवा शिपाई हाताशी धरी. तपासणीस सिव्हिल सर्जन आला की साखळीला आणखी एक कडी जोडली जाई: बाई कानडीत शिपायास सांगणार, शिपाई मराठीत असिस्टंटास, असिस्टंट इंग्रजीत साहेबास, आणि साहेबाचे उत्तर त्याच पायऱ्यांनी खाली उतरणार. मुलकी अधिकाऱ्यांस प्रांतिक भाषेची परीक्षा द्यावी लागे. न्यायालयाकडे तर दुभाष्याची पगारी जागाच असे. आरोपीस कळत नसलेल्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असे कलम १८९८ च्या फौजदारी संहितेत होते आणि १९७३ च्या संहितेतही ते राहिले. ज्याच्यावर चोरीचा आरोप आहे त्याच्यासाठी दुभाष्या नेमावा हे सरकारास सुचले. ज्याच्या पोटावर शस्त्र चालवावयाचे त्याच्यासाठी मात्र शिपाई पुरेसा वाटला.

कोणी म्हणेल की मराठी, कानडी आणि कोकणी या शतकानुशतके शेजारी नांदलेल्या भाषा. शब्द एकमेकींकडे जाऊन येऊन इतके मिसळले आहेत की काम भागत असे. भागत असे हे खरे, आणि नेमके तेथेच भय आहे. साफ परका शब्द ऐकला की माणूस थांबून विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द ऐकला की तो पुढे जातो. कोकणी माणूस 'जोर आयला' म्हणतो तेव्हा त्याला ताप चढलेला असतो. घाटावरच्या मराठी कानाला त्यात ताकद ऐकू येते. त्याची 'तकली' दुखते म्हणजे डोके दुखते. मराठी माणसाला तकली म्हटली की सूत आठवते. कानडीत 'उरी' म्हणजे जळजळ, आणि मराठीत 'उरी' म्हणजे छातीत. 'होट्टी उरी' अशी तक्रार अर्धवट कानडी जाणणाऱ्याने पोटाऐवजी छातीच्या खात्यात मांडली तर त्याला दोष तरी किती द्यावा? (तीच 'होट्टी उरी' कानडीत मत्सरालाही म्हणतात. आपल्याकडे दुसऱ्याचे बरे झाले की पोट दुखते, त्यांच्याकडे जळते, एवढाच फरक.) कानडी 'बेने' हे कोणतेही दुखणे, तिच्याशी नाद जुळणाऱ्या आपल्या 'वेणा' प्रसूतीच्याच. 'जड्डु' म्हणजे आजार, 'जड' म्हणजे वजनदार. आणि रक्त आटलेली, दमून गेलेली बाई 'सुस्त' झाल्याचे सांगते तेव्हा कानडीत तो थकवा असतो, मराठीत मात्र त्याला आळसाचा वास येतो. शब्द एकच; पण एका भाषेत तो रोग आणि दुसरीत दुर्गुण.

मोडलेले हाड मुक्याने उभे राहिले तरी वैद्याला दिसते. मनाच्या रोगाचे तसे नाही; तेथे बोलणे हेच लक्षण आणि ऐकणे हीच तपासणी. धारवाडचे मनोरुग्णालय या भागातील सर्वांत जुन्या वैद्यकीय संस्थांपैकी एक आहे. १८४५ साली वेड्यांचे इस्पितळ म्हणून ते निघाले, आणि आज 'डिम्हान्स' या नावाने तेथे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान यांची संस्था आहे. १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्याने डॉक्टराने द्यावयाच्या दाखल्याचा जो नमुना घालून दिला होता, त्यात दोन गोष्टी निरनिराळ्या लिहावयाच्या होत्या: वेडाची जी लक्षणे मी स्वतः पाहिली ती, आणि जी इतरांनी मला सांगितली ती. कायदा करणाऱ्यांची दृष्टी यात चांगलीच दिसते. ऐकीव गोष्टींवर कोणास कोंडून ठेवू नये म्हणूनच तो भेद केला होता. पण डॉक्टरास रोग्याची भाषा येत नसेल तर हा भेद उरतो कोठे? रोगी समोर बसून काही बोलला, ते शिपायाने किंवा रोग्याच्याच भावाने उलटून सांगितले. ते डॉक्टराने पाहिले म्हणावयाचे की ऐकले? बोलणे असंबद्ध होते की त्याचे भाषांतर असंबद्ध झाले? घरच्या भाऊबंदकीत ज्याला वेडा ठरविल्याने जमीन सुटते, तोच भाऊ दुभाष्या म्हणून उभा असला तर काय? दाखल्याच्या नमुन्यात या तिसऱ्या माणसासाठी रकाना नव्हता.

प्लेगच्या दिवसांत या माणसाची किंमत काही काळ सर्वांस कळली. १८९६ साली प्लेग मुंबईत उतरला. पुण्यात घरझडतीच्या तुकड्यांत गोरे शिपाई होते. त्यांच्याबरोबर लोकांस समजावून सांगण्यासाठी एतद्देशीय गृहस्थ देण्याची योजना होती, पण उंबरठ्याच्या आत काय घडले आणि २२ जून १८९७ ला त्याचा शेवट कसा झाला हे वाचकांस ठाऊकच आहे. हुबळीस साथ पसरली तेव्हा गोष्ट निराळ्या वळणाने गेली. तेथे सर्जन-कॅप्टन लॉयमन यांनी हाफकिनची लस टोचण्याचे काम हाती घेतले, आणि १८९८ च्या मे ते सप्टेंबर या काळात तीस हजारांहून अधिक माणसांनी दंड पुढे केला. पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावात हा आकडा थोडा नव्हे, आणि लशीच्या इतिहासात हुबळीचे नाव त्यामुळेच राहिले. टोचल्यावर ताप येईल, पण भिऊ नये. ती लस बाटविण्यासाठी नाही. एकदा टोचून भागत नाही, पुन्हा यावे लागेल: एवढे समजल्यावाचून कोणी दुसऱ्यांदा दंड पुढे करीत नाही. गिरणीतील मजुरास, रेल्वेच्या कारखान्यातील लोहारास, दख्खनी बोलणाऱ्या मोमिनास, सावजी घरातील आजीस हे कोणी तरी तिच्या-त्याच्या बोलीत पटवून दिले असलेच पाहिजे. साहेबाने सुई धरली. बाकीचे काम जिभेचे होते.

दुभाष्याचे नाव राहतच नाही असा मात्र नियम नाही. आमच्या कोकणी वाचकांस येथे 'होर्तुस मलाबारिकुस'ची आठवण होईल. कोचीचा डच गव्हर्नर वान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ करविला, त्याचा पहिला खंड १६७८ साली आम्‌स्टरडॅमला निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांची नागरी लिपीतील साक्ष छापलेली आहे, आणि इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याचीही. त्या अच्युदनाचे म्हणणे पोर्तुगीज भाषेत उतरविणारा कंपनीचा दुभाष्या मानुएल कार्नेरो हाही त्या ग्रंथात नावानिशी हजर आहे. वैद्याचे ज्ञान कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आले हे सांगितल्यावाचून त्या ज्ञानावर विश्वास बसणार नाही, इतके त्या डच माणसास कळत होते. वनस्पतींच्या बाबतीत जी काळजी घेतली गेली ती रोग्यांच्या बाबतीत पुढे दोनशे वर्षांनीही घेतली गेली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, हुबळीस कर्नाटक वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे रुग्णालय उत्तर कर्नाटकाचा मोठा आधार झाले. लोकांच्या तोंडी ते 'किम्स' म्हणून बसले आहे. आता दवाखान्यात कानडी वर आली, आणि ते न्याय्यच झाले. ज्या कानडी शेतकऱ्याला शंभर वर्षे मराठीच्या मध्यस्थीने आपला आजार सांगावा लागला, तो आता सरळ बोलू लागला. पण त्या बदलात दुभाष्याची जागा निर्माण झाली नाही. फक्त अडणारा माणूस बदलला. पूर्वी कानडी रोगी खोळंबे, आता मराठी-कोकणी रोगी खोळंबतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ नंतर जे संकेत ठरले त्यांत शाळा, सरकारी नोकरी, अर्ज आणि नोटिसा यांचा विचार झाला. आजारपणाचा झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हुबळी-धारवाडच्या शहरी मराठी माणसास याची झळ लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथील मराठी घरांतून कानडी सहज बोलली जाते. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि ते कानडीचे महाकवी, शं. बा. जोशी कानडीचे संशोधक आणि 'मऱ्हाटी संस्कृती'चे लेखक, जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या मराठी कथा धारवाडात बसून लिहिल्या. या दुभाषिकपणाचा आपण सर्वांनी अभिमान बाळगला, आणि आमच्या मते त्याच अभिमानाने ही उणीव झाकून ठेवली. गावात सर्वांना थोडे थोडे सर्व काही येते, अशा समजुतीमुळे ज्यांना येत नाही ते दिसेनासे होतात.

ते कोण? हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या रानातल्या तालुक्यांकडून आणि जवळच्या कलघटगीकडून जी माणसे मोठ्या आजारासाठी धारवाडला व हुबळीला येतात, त्यांत सिद्दी आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याहून आणले गेले, पुष्कळसे गोव्याच्या वाटेने. त्यांच्या घरात जी बोली चालते ती कोकणीचेच एक रूप. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले ते २००३ साली. त्याच डोंगरांत धनगर-गवळ्यांचे वाडे आहेत, त्यांची बोली मराठी. तांड्यावरचे लंबाणी आहेत. १९६६ पासून मुंडगोडजवळ तिबेटी वसाहत आहे. पुरुष बाजारहाटामुळे कामापुरती कानडी शिकलेला असतो; रानाबाहेर क्वचित पडणाऱ्या म्हातारीला ती येईलच असे नाही. कारवारकडचा रोगी पुष्कळदा बांबोळीच्या गोमेकॉत जातो, सिंधुदुर्गातलाही जातो; तेथे २०१८ पासून परप्रांतीयांस शुल्क द्यावे लागते, पण निदान 'जोर' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. घाटावरच्या सिद्दी बाईस जवळचे मोठे इस्पितळ हुबळीचेच.

आणि डॉक्टर तरी आता कानडीच असतो असे कोठे आहे? पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय वाट्यातून भरतात. म्हणून रात्रपाळीचा निवासी डॉक्टर बिहारचा असू शकतो, परिचारिका केरळची, आणि रोगी गवळीवाड्यावरचा. मग मध्ये उभा राहतो तो वॉर्डबॉय, आया, शेजारच्या खाटेवरील रोग्याचा नातलग, किंवा शाळेत जाणारा नातू. बाई पाच मिनिटे बोलते, तो म्हणतो, "पोट दुखतं म्हणते." डॉक्टर दोन मिनिटे समजावतो, तो बाईला म्हणतो, "गोळ्या घे." यात त्याचा दोष नाही. त्याला हे काम कोणी शिकविलेले नाही, त्याचा पगार त्यासाठी नाही, आणि झाडू त्याची वाट पाहत असतो. पण 'जेवणानंतर' हा शब्द तेवढ्यात गळून पडतो. कर्करोगाचे नाव मुलगा आईला सांगत नाही. डॉक्टर समजतो की सांगितले. आपल्याकडे बाई 'बाहेरची' होते, कानडीत ती 'होरगे' असते, कोकणीत 'भायर'. तिन्ही भाषांनी एकच पडदा धरला आहे. पण तो बाहेरून आलेल्या डॉक्टरास दिसत नाही, आणि दहा वर्षांच्या नातवाच्या तोंडून आजी अंगावरून काय जाते हे कधीही सांगणार नाही. ती पोटच दुखते म्हणून सांगेल, आणि पोटाचेच औषध घेऊन घरी जाईल.

अशा चुकीची किंमत इतरत्र मोजली गेली आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात १९८० साली एका अठरा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द वापरला. खाण्यातून काही बाधले असा त्यांचा अर्थ. डॉक्टरांनी तो नशेचा समजला. मेंदूतील रक्तस्राव वेळेवर ध्यानात आला नाही, आणि मुलाचे हातपाय कायमचे गेले. भरपाईची रक्कम जन्मभराची मिळून सात कोटी डॉलरच्या घरात गेली. ऑस्ट्रेलियाने १९७३ सालीच टेलिफोनवरून दुभाष्या मिळण्याची सरकारी सोय केली होती. आपल्या देशात श्रीमंतीचे निमित्त सांगता येईल. पण ज्या देशात प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे तेथे ते निमित्त पूर्वीइतके उरलेले नाही.

कायद्याने तर आता स्पष्ट शब्द वापरले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या चौथ्या कलमात असे आहे की उपचारासंबंधीची माहिती रोग्यास त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, अथवा खुणांच्या भाषेत, अथवा चित्रांच्या साहाय्याने द्यावी. १९१२ च्या दाखल्यात ज्याचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकले जाई, त्या रोग्यास प्रथमच श्रोता म्हणून मान मिळाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रोग्यास कळेल अशा भाषेत माहिती देण्याची अपेक्षा आहे. २०१९ पासून वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळख करून देतात. ही चांगली सुरुवात आहे. परंतु हुबळीत स्थानिक भाषा म्हणजे कानडी, आणि आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्यांची ती नव्हे. भाषा कोणती आणि ती पोहोचविणार कोण, याविषयी मात्र या कागदांत अवाक्षर सापडत नाही.

आम्ही पाहिलेल्या केसपेपरांवर नाव, वय, लिंग, गाव, धंदा यांना ओळी आहेत. रोग्याची बोली लिहावयास ओळ नाही. ती एक ओळ छापली तर महिनाभरात कळेल की कोणत्या दिवशी, कोणत्या तालुक्याचे, कोणती बोली बोलणारे किती रोगी येतात. मग सकाळी हल्याळ-कलघटगीकडच्या गाड्या पोहोचतात त्या वेळेपुरते नोंदणीच्या खिडकीशेजारी एक बाक टाकावे, आणि त्यावर कोकणी, मराठी व लंबाणी जाणणारी माणसे, शक्यतो बायका, महिन्याच्या पगारावर बसवावी. हल्याळकडच्या सिद्दी वस्त्यांतून शाळा-कॉलेज शिकलेल्या मुली आता निघू लागल्या आहेत. त्यांना कानडी येते, कोकणी तर घरचीच.